लूपमध्ये लाइन ढिली पडते? टिप वेट वाढवण्याआधी पंखातला पीळ बघा

"सरळ उडताना लाइन ताठ असते, पण लूपच्या माथ्यावर गेलं की हातात काही लागतच नाही." कंट्रोल लाइन स्टंट, म्हणजे तारांना बांधलेल्या मॉडेल विमानाच्या कसरती, उडवणाऱ्यांकडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार हीच. तिचाच एक चिवट प्रकार असा: फेब्रुवारी-मार्चमध्ये नीट बसवलेलं, हाताला जमलेलं मॉडेल पावसाळ्यानंतर बाहेर काढावं, तर तीच खोड पुन्हा. दुरुस्त केलं की काही महिने बरं, मग परत तेच. माझ्या 'नोबलर' या मॉडेलने सलग तीन वर्षं मला असं छळलं. तिसऱ्या वर्षी कारण सापडलं आणि ते मैदानावर नव्हतं, मी मॉडेल रंगवतो त्या खोलीत होतं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉडेल दोन बारीक पोलादी तारांना, म्हणजेच लाइनना, बांधलेलं असतं आणि उडवणारा मध्ये उभा राहून हँडल धरतो. हँडल वर-खाली वाकवलं की पंखातला बेलक्रँक (मध्यावर फिरणारा छोटा तरफ-तुकडा) फिरतो आणि त्याला जोडलेले फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आणि एलेव्हेटर (शेपटीची हलती पट्टी) हलतात. बस, एवढंच नियंत्रण. अमेरिकेच्या जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास ही पद्धत 'यू-कंट्रोल' नावाने लोकप्रिय केली. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमधून बरीच मुलं या छंदात येतात, मीही पुण्यात तसाच आलो. स्टंटसाठीचं नोबलर हे मॉडेल जॉर्ज ऑल्ड्रिच यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आखलं. पंख ५० इंची, आणि मोठे फ्लॅप एलेव्हेटरच्या उलट्या दिशेने हलणारे. आजही शिकाऊ माणसाने हातात घ्यावं असंच ते आहे.

लाइनला ओढ असते म्हणूनच नियंत्रण असतं. ओढ गेली की हँडल वाकवूनही बेलक्रँक हलत नाही आणि सव्वा किलोचा दगड वेगाने आपल्या डोक्याच्या दिशेने येतो. म्हणून ही खोड अंगवळणी पडू द्यायची नाही. "मी दोन पावलं मागे सरकून सावरतो" असं म्हणणारे भेटतात. सावरणं यायलाच हवं, पण त्यावर समाधान मानू नये.

ओढ नेमकी किती असते, हे एकदा कागदावर मांडल्याशिवाय पुढचं पटणार नाही. माझं नोबलर १.१५ किलो भरतं. हँडलपासून मॉडेल १८.५ मीटरवर, फेरी ५ सेकंदांची. वेग झाला सेकंदाला साधारण २३ मीटर, आणि सपाट उड्डाणात लाइनवर ओढ ३.४ किलोच्या आसपास. आता मॉडेल डोक्यावर न्या. चढताना वेग १५ टक्क्यांनी घटला तर ओढ वर्गाच्या हिशोबाने घटते, म्हणजे २.४५ किलोवर येते. शिवाय डोक्यावर असताना मॉडेलचं वजन आपल्याकडेच ओढतं, ते १.१५ वजा करा. उरले १.३ किलो. इथपर्यंत काही बिघडलेलं नाही, एवढ्यावर छान उडवता येतं.

पण त्याच वेळी पंख काय करतोय? ४५ अंशांपर्यंत जाणारा लूप या लाइनवर जेमतेम सात मीटर त्रिज्येचा होतो. एवढ्या वेगात मॉडेल तितक्या लहान वर्तुळात वळवायचं तर पंखाला वजनाच्या पाचपट उचल द्यावी लागते, म्हणजे सहा किलो. पंख लाइनशी समांतर असेल तर या सहा किलोंचा ओढीशी संबंध नाही. तो आपल्याकडे १० अंश कलला, तर त्यातला एक किलो थेट आपल्या दिशेने ढकलायला लागतो. १.३ मधून १ गेला, हातात राहिले ३०० ग्रॅम. वाऱ्याची एक झुळूक आली की तेही संपले. म्हणजे लाइन ढिली पडते तेव्हा बहुतेक वेळा इंजिन कमी पडलेलं नसतं, पंख कललेला असतो.

आता पंख कशाने कलतो? इथेच माझी चूक झाली. लूपमध्ये ढिलं पडलं की सगळे एकच सांगतात: बाहेरच्या टिपमध्ये, म्हणजे पंखाच्या आपल्यापासून लांबच्या टोकात, वजन वाढव. टिप वेट लागतंच. दोन्ही लाइनचं मिळून पंचवीसएक ग्रॅम वजन असतं आणि त्यातलं निम्मं आतल्या पंखाला लोंबकळत असतं, त्याचा तोल बाहेरच्या टिपमध्ये शिसं घालून साधायचा असतो. पहिल्या वर्षी मी १५ चे २५ ग्रॅम केले. थोडं बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी ४० केले. आतल्या लूपमध्ये (मॉडेलचं छत लूपच्या मध्याकडे) पुन्हा थोडी ओढ आली, पण बाहेरच्या लूपमध्ये (पोट मध्याकडे) मॉडेल हात उपटून न्यायला लागलं, आणि इंजिन बंद झाल्यावर उतरताना बाहेरची टिप गवताला घासायची. या दोन गोष्टी मी वेगवेगळ्या आजारांसारख्या बघत होतो. उतरणं खराब म्हणून स्वतःच्या हाताला दोष देत होतो.

तिसऱ्या वर्षी आमचे जुने सर मैदानावर आले होते. दोन उड्डाणं बघून त्यांनी विचारलं, "टिपमध्ये किती घातलंयस?"

"चाळीस ग्रॅम, सर."

"उलटं उडवलंस?"

"उडवलं, सर. दोन फेऱ्या."

"उडवलंस ते दिसलं. बघितलंस का? आता लूप नको, आठचा आकडा नको. तीन फेऱ्या सुलट, तीन उलट, खांद्याच्या उंचीवर. आणि नाकाकडे नको बघूस, पंखाकडे बघ."

सुलट उडताना पंख लाइनच्या रेषेत सपाट दिसला. उलटं केल्यावर बाहेरची टिप चांगली वीतभर खाली लोंबत होती. इतकी वर्षं ती तशीच लोंबत असणार. उलट्या उड्डाणात माझं सगळं लक्ष उंची राखण्यात जात असल्यामुळे मला ती कधी दिसलीच नव्हती.

या चाचणीमागचं तत्त्व एकदा समजलं की विसरत नाही. मॉडेल उलटं झालं तरी लाइनचा पंख आतच राहतो आणि टिप वेटचा पंख बाहेरच. वजन नेहमी जमिनीकडे ओढतं. म्हणून टिप वेट जास्त असेल तर बाहेरची टिप सुलट उड्डाणातही खाली आणि उलट्यातही खाली. कमी असेल तर दोन्हींत वर. पिळाचं तसं नाही. पंखाला पीळ असेल तर तो मॉडेलला त्याच्या स्वतःच्या छताच्या दिशेने किंवा पोटाच्या दिशेने लोळवतो. मॉडेल उलटं झालं की ती दिशाही उलटते. सुलट असताना बाहेरची टिप वर आणि उलटं असताना खाली, किंवा याच्या बरोबर उलट, असं दिसलं तर ते वजनाचं काम नाही, पिळाचं आहे. माझ्या मॉडेलमध्ये पीळ बाहेरची टिप वर उचलत होता आणि मी चाळीस ग्रॅम घालून ती दाबून सपाट केली होती. सुलट उड्डाणात हिशोब जुळला, उलट्यात दोन्ही मिळून टिप दुप्पट खाली गेली. उतरताना वेग पडला की पिळाची ताकद संपायची, शिसं मात्र तिथेच असायचं, म्हणून टिप गवताला लागायची. तीन लक्षणं आणि मूळ एकच.

लूपमध्येही हाच फरक कामी येतो. आतल्या लूपमध्ये ढिलं आणि बाहेरच्यात गरजेपेक्षा ताठ, किंवा उलट, असेल तर पीळ शोधा. दोन्हींत सारखंच ढिलं असेल तर टिप वेट, लीडआउटची (बेलक्रँकपासून आतल्या टिपेतून बाहेर येणाऱ्या, लाइन जोडायच्या तारांची) जागा किंवा वेग बघा. टोकदार कोपरा मारताना बाहेरची टिप दोन्हीकडे, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या चौकोनी लूपमध्ये, कोपऱ्याच्या बाहेर झोकांडी खात असेल तर टिप वेट नक्की जास्त आहे, कारण कोपऱ्यात त्या शिशाचं वजन कित्येक पटींनी वाढतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. लीडआउट मॉडेलच्या उभ्या गुरुत्वमध्याच्या बरेच वर किंवा खाली निघत असतील तरीही सुलट-उलट फरक दिसतो, अगदी पिळासारखा. पंख धडाच्या मध्यावर असलेल्या मॉडेलमध्ये हे सहसा होत नाही. पण चाकांचे पाय जड असतील किंवा पंख फार वर-खाली बसवला असेल तर शक्यता धरून चला. दोन्हींतला फरक उड्डाणात कळत नाही, टेबलावरच मोजावं लागतं.

पाहणं सोपं व्हावं म्हणून एक करा: पंखाची वरची बाजू आणि खालची बाजू वेगळ्या रंगाची ठेवा. मॉडेल खांद्याच्या उंचीवर असताना आपल्याला पंखाची फक्त आतली कड दिसायला हवी. आकाशाकडे असलेला रंग दिसायला लागला तर बाहेरची टिप वर आहे, जमिनीकडचा दिसला तर खाली. दोन मित्र असतील तर एकाला वर्तुळापासून लांब, वाऱ्याच्या दिशेला उभं करून मोबाइलवर चित्रण करायला सांगा. घरी येऊन बघितलं की वाद राहत नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी पीळ मोजला. मॉडेल पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर असं बसवलं की मुळापाशी पंखाची पुढची आणि मागची कड टेबलापासून सारख्या उंचीवर आली. फ्लॅप चिकटपट्टीने मधल्या जागी घट्ट केले. मग खिडकीकडे पाठ करून मॉडेलच्या मागे तीन हातांवर उकिडवा बसलो आणि एक डोळा मिटून मागच्या कडेवरून पुढे पाहिलं. मागच्या कडेच्या वर पंखाच्या पाठीची एक लाल पट्टी दिसते. आतल्या पंखावर ती टिपकडे निमुळती होत गेली, पंखाची ठेवणच तशी आहे. बाहेरच्या पंखावर ती निमुळती व्हायलाच तयार नव्हती, टिपपर्यंत जवळपास तेवढीच जाड. मागची कड टिपकडे खाली झुकली होती. पट्टी लावून मोजलं तर ३ मिलिमीटर. टिपपाशी पंखाची रुंदी २० सेंटिमीटर धरली तर जवळपास एक अंश. हाताने चाचपून कधीच कळलं नसतं.

हा पीळ दर वर्षी का येत होता? डोपमुळे. डोप म्हणजे द्रावकात विरघळवलेलं नायट्रोसेल्युलोज. द्रावक उडून गेला की पापुद्रा आकसतो, पंखावर चिकटवलेला टिश्यू (पातळ कागद) ढोलासारखा ताणला जातो आणि पंखाला ताकद येते. आपल्याला तेच हवं असतं. पण हे आकसणं थर सुकल्यावर थांबत नाही, महिनोन्महिने चालू राहतं. दोन्ही बाजूंना सारखं आकसलं तर पंख सरळ राहतो. एका बाजूला थर जास्त असले की ती बाजू जिंकते. नोबलरच्या पंखाचा पुढचा भाग बाल्सा या हलक्या लाकडाच्या पातळ फळीने मढवलेला असतो, तो पीळ सहसा घेत नाही. मागे मात्र नुसत्या फासळ्या आणि टिश्यू, तिथे पंख ओढेल तिकडे जातो. मी बाहेरच्या पंखाच्या खालच्या बाजूवर नाव आणि रुंद पट्टा काढला होता, म्हणजे आतल्या पंखापेक्षा तीन थर जास्त. शिवाय मॉडेल ठेवायचो कुठे, तर कपाटावर बाहेरच्या टिपेवर भिंतीला टेकवून. पावसाळ्यात बाल्सा आणि टिश्यू ओल धरतात, सैल पडतात, त्या टेकवलेल्या अवस्थेत स्थिरावतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात कडक सुकतात. दर वर्षी माझ्याच हाताने पंखाला पीळ बसवायची व्यवस्था मी करत होतो.

पीळ काढायचा कसा, ते मॉडेल कशाने मढवलंय त्यावर. इस्त्रीने लावायच्या प्लॅस्टिक फिल्मचा पंख असेल तर सोपं: उलट दिशेला पिळून धरा, दोन्ही बाजूंनी हीट गन फिरवा, थंड होईपर्यंत सोडू नका. डोपच्या पंखाला वाफ द्यायची. इलेक्ट्रिक किटलीच वापरा. गॅसची शेगडी पेटवून हे काम करू नका, डोप आणि थिनर भडका घेतात, आणि सुकलेला नायट्रोसेल्युलोजचा पापुद्राही झपाट्याने पेटतो. वाफ वीतभर लांबून, फासळ्यांच्या भागावर, वर-खाली दोन्हीकडे. पापुद्रा मऊ झाल्याचं हाताला समजतं, ताण एकदम निवळतो. मग हवं त्यापेक्षा थोडं जास्तच उलटं पिळायचं आणि पूर्ण गार होईपर्यंत धरून बसायचं. पहिल्या खेपेला ३ चे १.५ झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, अर्धा मिलिमीटर राहिला. एका खेपेत सगळं काढायचा हट्ट धरू नका, फासळी मोडते.

वर टू-पॅक पीयूचा (हार्डनर मिसळून लावायच्या पॉलियुरेथेनचा) कडक थर असेल किंवा पंख पूर्ण फळीने मढवलेला असेल, तर वाफेने फारसं काही होत नाही. तेव्हा पीळ राहू द्यायचा आणि फ्लॅपने त्याचा तोल साधायचा. सुलट उड्डाणात बाहेरची टिप वर जात असेल तर बाहेरचा फ्लॅप आतल्याच्या तुलनेत किंचित वर घ्या. फ्लॅपची जोडतार सावकाश वाकवून हे होतं. एका वेळी मागच्या कडेला अर्धा मिलिमीटर, त्यापेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा तीन फेऱ्या सुलट, तीन उलट. हे करण्याआधी टिप वेट परत मूळ आकड्यावर आणा. हा क्रम चुकला की दोन चुका एकमेकींना झाकत बसतात आणि मग काही कळेनासं होतं. मी चाळीसवरून थेट पंधरावर आलो आणि शेवटी अठरावर थांबलो.

पण खरं काम पुढच्या मॉडेलचं फिनिशिंग करताना करायचं आहे. सगळ्यांत आधी हवा. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये डोप मारू नये, कोकणात तर अजिबात नाही. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पापुद्र्यात पांढरा धुरकट डाग उमटतो. तो नुसता दिसायला वाईट नसतो, तिथला थर कच्चाही राहतो. मारणं भागच असेल तर दुपारी, कोरड्या तासांत, आणि सावकाश सुकणारं रिटार्डर थिनर मिसळून. डाग आलाच तर घासत बसू नका, कोरड्या दिवशी वरून रिटार्डर मिसळलेला पातळ हात दिला की बहुतेक वेळा निघून जातो.

दुसरं एरंडेल. ३० मिलिलीटर डोपला आठ-दहा थेंब. एरंडेल पापुद्र्याला लवचीक ठेवतं आणि उशिराचं आकसणं कमी करतं. जास्त घातलं तर थर चिकट राहतो आणि वरचा रंग धरत नाही, म्हणून थेंब मोजूनच घाला. पंखासाठी हे हवंच. धडाच्या आणि शेपटीच्या सलग लाकडावर गरज नाही.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: वर जितके हात, तितकेच खाली, आणि जितके आत तितकेच बाहेर, सगळे एकाच दिवशी. डोप निम्मा थिनर घालून पातळ करायचा, चार-पाच पातळ हात द्यायचे. प्रत्येक हात हाताला सुकला की पंख सपाट प्लायवर, कडांखाली सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून, टाचण्यांनी जखडून रात्रभर ठेवायचा. यासाठी पंख धडात बसवायच्या आधीच डोपून घेतलेला बरा. शेवटच्या हातानंतर निदान तीन आठवडे तो तसाच फळीवर राहू द्या, मगच रंग. या तीन आठवड्यांत हात शिवशिवतात, मला ठाऊक आहे. धड घासा, टाकी बसवा, काहीही करा, पण पंखाला हात लावू नका. नाव-पट्टा काढायचा तर दोन्ही पंखांवर किंवा जमेल तितका पातळ.

रंगाच्या वजनाचाही हिशोब ठेवा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्यासाठी पुरतो. शेपूट सीजीपासून (गुरुत्वमध्यापासून) ४० सेंटिमीटर मागे असते. तिथे १० ग्रॅम रंग जास्त गेला, तर त्याचा तोल साधायला सीजीच्या १६ सेंटिमीटर पुढे नाकात २५ ग्रॅम शिसं लागतं. मॉडेल एकूण ३५ ग्रॅमने जड झालं आणि त्यातून मिळालं काही नाही. म्हणून शेपटीच्या भागाला बाल्साच हलका निवडा, टॅल्कम पावडर मिसळलेला डोप तिथे एकदाच भरा आणि वॉटर पेपरने जवळपास सगळा घासून काढा. भेगा-छिद्रांत उरेल तेवढाच हवा असतो. इंजिन ग्लोचं, म्हणजे इंधनावर चालणारं, असेल तर वरून पीयू क्लिअरचा पातळ थर लागतो, कारण नुसता नायट्रेट डोप नायट्रोमिथेन असलेल्या इंधनापुढे टिकत नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते फवारताना साधा कापडी मास्क चालत नाही, काडतुसाचा (फिल्टर कार्ट्रिजचा) मास्क लावा, खोलीत कोणाला येऊ देऊ नका. इलेक्ट्रिक मॉडेल असेल तर हा थर वगळता येतो आणि तेवढं वजन वाचतं.

पीळ आणि टिप वेट जागेवर आल्यावर बाकीचं ट्रिमिंग भराभर होतं. आधी सीजी. मॉडेल सपाट उड्डाणात सतत वर-खाली डुलत राहत असेल आणि कोपऱ्यातून बाहेर येताना थांबत नसेल तर शेपूट जड आहे, नाकात पाच ग्रॅम घाला. वळायलाच मागत नसेल आणि हँडलला जोर लागत असेल तर नाक जड आहे. मात्र डुलण्याचं खापर सीजीवर फोडण्याआधी कंट्रोल तपासा: हँडल मोकळं सोडून मॉडेलचं नाक वर करा, एलेव्हेटर आणि फ्लॅप कुठेही न अडकता सहज हलायला हवेत. रंगकाम झाल्यावर बिजागऱ्यांत डोप शिरून त्या आखडलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत. मग लीडआउट. ते पंखाच्या टिपेतून सीजीच्या थोडे मागेच निघायला हवेत, कारण लाइन हवेने मागे वाकते. फार मागे असतील तर नाक बाहेर वळून मॉडेल तिरकं ओढत उडतं, फार पुढे असतील तर नाक आत येतं आणि डोक्यावर ओढ जाते. टिपमध्ये लीडआउट सरकवायची खाच ठेवली असेल तर एका वेळी तीन मिलिमीटर हलवा. शेवटी हँडल: आतलं वळण आणि बाहेरचं वळण सारखं वाटेपर्यंत मधली जागा जुळवा.

एका उड्डाणात एकच बदल, आणि तो वहीत लिहा. माझ्या वहीत प्रत्येक ओळीला पाच रकाने आहेत: तारीख, टिप वेट, लीडआउट, फेरीचे सेकंद, आणि उलट्या उड्डाणात बाहेरची टिप कुठे दिसली. शेवटचा रकाना पहिली दोन वर्षं नव्हताच.

मैदानावरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या तारा पोलादाच्या असतात. विजेच्या तारांजवळ कधीही उडवू नका, अगदी लांब वाटल्या तरी. आणि मे महिन्यात वळवाचे ढग जमले की हँडल खाली ठेवा. उड्डाणाआधी हँडलची दोरी मनगटात, आणि मॉडेल जोर लावून ओढून बघायचं. वर मांडलेल्या हिशोबात सपाट उड्डाणातच ३.४ किलो आहेत. नियमाने ज्या चाचण्या होतात त्यात त्याच्या कितीतरी पट ओढतात, ते उगाच नाही.

आता नोबलर कपाटावर टेकवलेलं नसतं. दोन पंखांच्या मुळाशी फोमचे ठोकळे, पोट खाली, टिपा अधांतरी, वर जुनी चादर. पाऊस सुरू झाला की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ते खिडकीसमोर आणून मागून एक डोळा मिटून बघतो. या ऑगस्टमध्ये बाहेरच्या टिपपाशी मागची कड एक मिलिमीटर खाली होती. वाफ दिली नाही. ऑक्टोबरमध्ये सुकल्यावर पुन्हा मोजेन, आणि तेव्हाही एकच असेल तर फ्लॅप अर्धा मिलिमीटर वर घेऊन पहिलं उड्डाण उलट्याने सुरू करेन.